हाताला लागलेली गाठ

धाकटीला आधी वाटलं, शेटजींच्या केसांत बटण अडकलंय.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेटजी कापडं कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात शिरले होते आणि कुणाच्या तरी कोटाचं लोंबणारं अस्तर कुरतडायच्या बेतात होते. धाकटीने शिलाई तशीच टाकली, वाकून त्यांच्या पोटाखाली हात घातला, त्यांना वर उचललं आणि बोटांना काहीतरी टणक लागलं. बटणं तिच्या दुकानात पायलीला पन्नास. ती सोडवायला गेली. बटण हलेना. तिने फुंकर मारून केस बाजूला केले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला. वर काहीच नव्हतं. जे होतं ते कातडीच्या आत होतं, सुपारीएवढं, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, वाटाण्याएवढं.

ती त्यांना मांडीवर घेऊन तशीच जमिनीवर बसली. मशीनचा दिवा चालूच होता. कुणीतरी दारात येऊन पँट झाली का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. पँट झालेली नव्हती.

शेटजी म्हणजे ससा. पांढऱ्यावर राखाडी ठिपके, एक कान पडलेला, आणि बसला की पोट पुढे, डोळे अर्धे मिटलेले, अगदी पेढीवर बसून डुलक्या घेणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यासारखा. म्हणून शेटजी, आणि म्हणून अहोजाहो. समोरचं बिऱ्हाड घर बदलून गेलं तेव्हा "दोनच दिवस सांभाळा" म्हणून त्यांची पेटी दुकानात ठेवून गेलं होतं. त्या दोन दिवसांना नऊ वर्षं होत आली होती.

घरात माणसं दोनच, थोरली आणि धाकटी. सख्ख्या बहिणी. थोरलीचं लग्न जमलं नाही, धाकटीचं जमून मोडलं, आणि पुढे दोघींनीही तो विषय काढला नाही. खाली धाकटीचं शिवणकामाचं दुकान, मागच्या अरुंद जिन्याने वर गेलं की दोन खोल्या. गल्लीत धाकटीला सगळे टेलरबाई म्हणत. नवे कपडे ती क्वचितच शिवायची. लोकांचं वजन वाढायचं, उतरायचं, आणि त्याप्रमाणे त्यांचे कपडे उसवून सैल करायचे किंवा घट्ट करायचे, यातच तिचं आयुष्य गेलं. तोंडाने मोकळी. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाची कंबर किती वाढली हे तिच्याकडून अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि तरी बायका तिच्याचकडे यायच्या.

थोरली बरोबर उलटी. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. नंबर जोडून द्यायचा, पलीकडे माणूस बोलायला लागला की आपण बाजूला व्हायचं, आणि चुकून काही कानावर पडलंच तर ते पडलं नाही असं समजायचं. निवृत्त झाल्यावरही ती तशीच राहिली. या कानाची गोष्ट तिने कधी त्या कानाला कळू दिली नाही. शेटजींचं सगळं तीच बघायची. सकाळी गवत, मग ब्रशने केस विंचरणं, नखं कापणं. संध्याकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसायची आणि शेटजी तिच्या मांडीवर.

म्हणूनच त्या संध्याकाळी थोरली भाजी घेऊन आल्यावर धाकटीने पिशवीही खाली ठेवू न देता गाठीचं सांगितलं, तेव्हा तिची अपेक्षा होती की आता ताई हातातलं टाकून धावेल. एकदा शेटजींनी अर्धा दिवस काही खाल्लं नव्हतं तेव्हा हीच बाई एका पायात आपली आणि एका पायात बहिणीची चप्पल घालून प्राण्यांच्या दवाखान्यात पोचली होती. आज ती स्वयंपाकघरात गेली, कोथिंबीर धुतली आणि म्हणाली, म्हातारपणी होतात गाठी.

धाकटीला वाटलं, हिने नीट ऐकलं नाही. तिने परत सांगितलं. थोरलीने नीटच ऐकलं होतं. तिचं म्हणणं एवढंच की, तो खातोय, पितोय, फिरतोय. डॉक्टरकडे नेलं की ते कापायचंच बोलणार. या वयात त्याला टेबलावर उताणा पाडून कशाला कापायचा? मरायचं असेल तेव्हा मरेल सुखाने.

हे ताई बोलतेय यावर धाकटीचा विश्वास बसेना. ती रात्रभर कूस बदलत राहिली. पुढचे दोन दिवस दोघी शेटजींचा विषय सोडून सगळं बोलल्या. तिसऱ्या दिवशी धाकटीने दुकानाला 'बंद'ची पाटी लावली, शेटजींना टोपलीत ठेवलं आणि निघाली. थोरलीने अडवलं नाही. ती एक टॉवेल घेऊन मुकाट्याने मागून आली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांजरांच्या नखांचे ओरखडे. बाहेर बाकावर एक धिप्पाड कुत्रा आणि त्याच्याहून धिप्पाड मालक बसलेला. डॉक्टरने शेटजींना टॉवेलसकट उचललं, सफाईने कुशीत उताणं धरलं, पोट बघितलं, आणखी खाली बघितलं, आणि विचारलं, "हिचं नाव काय?"

"शेटजी," धाकटी म्हणाली.

डॉक्टरने एकदा तिच्याकडे, एकदा सशाकडे पाहिलं. "मावशी, ही मादी आहे."

अर्ध्या दारापलीकडून कुत्र्याचा मालक फिसकन हसला. धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. नऊ वर्षं! तिने विचारलं, नक्की ना? डॉक्टरने नक्की म्हणून सांगितलं आणि आजवर कुणी बघितलं नाही का, असं विचारलं. आता बघणार कोण? समोरच्यांनी ससा म्हणून दिला, यांनी ससा म्हणून घेतला. मागे एकदा दाखवायला आणलं होतं तेव्हाच्या डॉक्टरांनी दात बघून परत पाठवलं होतं. धाकटीला हसू आवरेना. तीन दिवस छातीत कोंडलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं आम्ही शेठाणीबाईंना शेटजी म्हणत होतो.

थोरली हसली नाही. डॉक्टरही हसत नव्हती. ती पोटावरून बोटं फिरवत होती, मोजल्यासारखी, एकेका जागी थांबत. मग तिने सांगायला सुरुवात केली. सशाच्या मादीचं लहानपणी ऑपरेशन करून घेतलं नाही तर वय झाल्यावर गर्भाशयात किंवा स्तनांत अशा गाठी होण्याची भीती मोठी असते. ही स्तनांची रांग. हाताला लागतात त्या गाठी दोन नाहीत, चार आहेत. मादी आहे हे वेळेवर कळलं असतं तर कुणीही तेव्हाच सांगितलं असतं, ऑपरेशन करून घ्या म्हणून.

धाकटीचं हसू ओठावरच राहिलं. आत्ता ज्या गोष्टीवर ती पोट धरून हसली होती, तीच गोष्ट सशाच्या जिवावर उठली होती.

गाठ कधी लक्षात आली, असं डॉक्टरने विचारलं. धाकटीने तीन दिवस म्हणून सांगितलं. डॉक्टरने मान हलवली. ही गाठ तीन दिवसांची नव्हती, महिन्यांची होती. रोज हिला हाताळतं कोण?

"मी," थोरली म्हणाली.

"मग तुमच्या हाताला नाही लागली?"

"लागली होती. उन्हाळ्याच्या आधी. तेव्हा वाटाण्याएवढी होती."

खोलीत वजनकाट्याचा आकडा लुकलुकत होता. धाकटीने वळून बहिणीकडे पाहिलं. तोच चेहरा, तीच बारीक वेणी, तोच खांद्यावर टाकलेला टॉवेल. पण रांगेत शेजारी उभ्या असलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं तिला वाटलं. उन्हाळा येऊन गेला होता. पावसाळाही सरला होता. रोज सकाळी या बाईने त्याच पोटावरून ब्रश फिरवला होता आणि वर येऊन चहा मागितला होता.

छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसांत काही पसरलंय का ते नीट बघायला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते, उद्या संध्याकाळी फोन करते, असं डॉक्टर म्हणाली. पसरलेलं नसेल तर गाठी काढता येतील. पण नऊ वर्षांच्या सशाला भूल देणं धोक्याचं, कदाचित टेबलावरून उठणारही नाही. नाही केलं तर गाठ वाढेल, फुटेल, दुखेल. पसरलंच असेल तर दुखणं कमी करायचं औषध, आणि खायची थांबली की शांतपणे झोपवायचं. ठरवायचं तुम्ही, ती म्हणाली, पण फार दिवस लावू नका.

तेव्हा थोरलीने विचारलं, "पसरलं तर तिला कळतं का? आतून?"

डॉक्टर म्हणाली, कळत असेल, पण ससा दाखवत नाही. ज्याला सगळेच खायला टपलेले, त्याला दुखतंय हे दाखवून चालत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत खात राहतात, फक्त कोपऱ्यात बसून दात चावतात. थोरलीने मान डोलावली आणि टॉवेलची घडी घातली.

घरी येईपर्यंत धाकटी एक अक्षर बोलली नाही. ती गप्प बसली हीच मोठी गोष्ट. दुकानाचं शटर अर्धं वर करून दोघी वाकून आत गेल्या, टोपली टेबलावर ठेवली, आणि मग तिचा बांध फुटला. ती काय काय बोलली ते तिचं तिलाही नंतर आठवेना. वैरीसुद्धा असं करणार नाही, म्हणाली. मुक्या जनावराचा विश्वास तुझ्या हातावर, म्हणाली. थोरली ऐकत राहिली. शेवटी दम लागून धाकटीने सरळच विचारलं, उद्या फोन आल्यावर काय सांगायचं? करायचं ऑपरेशन की नाही?

"मला विचारशील तर नको."

"तुला काय जातंय नको म्हणायला? जीव तिचा चाललाय."

"माझंही तेच चाललंय," थोरली म्हणाली.

धाकटीला कळलंच नाही. काय तेच, असं तिने रागातच विचारलं. मग थोरलीने सांगितलं, लाइन बिझी आहे हे ज्या आवाजात सांगत असेल त्याच आवाजात. डाव्या बाजूला, छातीत. आधी तिची स्वतःची हाताला लागली, अंघोळीच्या वेळी. मग काही दिवसांनी शेटजीची. आणि तिने विचार केला की, सशाला डॉक्टरकडे नेलं तर आपल्याला कुठल्या तोंडाने घरी बसता येईल? म्हणून कुणालाच नेलं नाही.

धाकटी स्टुलावर बसली. तिचं लक्ष दोरीवर टांगलेल्या कपड्यांकडे गेलं आणि तिला आठवलं. उन्हाळ्यात ताईने आपले ब्लाउज खाली आणून दिले होते. डावीकडून जरा सैल कर, काचतंय, असं म्हणाली होती. धाकटीने शिवण उसवली, अर्धं बोट कापड सोडलं, परत टीप मारली. एकाच बाजूला का, असं विचारलंही नाही. गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या अंगात काय बदललं ते जिला कापडावरून कळायचं, तिने सख्ख्या बहिणीची गाठ मावावी म्हणून आपल्या हाताने जागा करून दिली होती.

टोपलीत शेटजी गवत चावत होत्या, तेवढाच आवाज. मग धाकटी उठली. शटर खाली ओढलं, कडी घातली आणि बहिणीला मापं घ्यायच्या पडद्याआड घेऊन गेली.

"दाखव," ती म्हणाली.

थोरलीने बटणं काढली. धाकटीने हात पुढे केला. आयुष्यभर तिने या आरशासमोर शेकडो बायकांच्या अंगाभोवती टेप गुंडाळली होती, पण ताईला असा हात लावायची वेळ कधी आली नव्हती. बोटांना तोच टणकपणा लागला. ओळखीचा झाला होता आता. तिने हात मागे घेतला नाही. आरशात दोघी दिसत होत्या. धाकटीने बघितलं की ताईचा चेहरा पांढराफटक पडलाय, आणि इतके महिने आपण रोज समोर बसून जेवलो तरी हा चेहरा आपल्याला दिसला नाही.

तिथेच पडद्याआड थोरली आईबद्दल बोलली. आईलाही हेच झालं होतं. धाकटी तेव्हा शाळेत होती, तिला आजार एवढंच सांगितलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही थोरलीने केली होती. आई नको म्हणत होती. "मी म्हटलं, डॉक्टर सांगतात ते ऐकायचं. ती परत घरी आलीच नाही. मग माझ्या वेळी मी ऐकायचं नाही असं ठरवलं." धाकटीला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका दिवसात किती धक्के बसावेत माणसाला? तिला वाटलं, आपण या घरात भाडेकरू म्हणून राहत होतो की काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. थोरली वाटेत दोनदा म्हणाली की आधी शेटजीचं मार्गी लागू दे. धाकटीने तिचा दंड सोडला नाही. तिथे तपासलं, सुई टोचून गाठीतलं काढून घेतलं, फोटो काढले, आणि दोन दिवसांनी या म्हणाले. संध्याकाळी घरी पोचतात तोच प्राण्यांच्या डॉक्टरचा फोन. शेटजींच्या दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. नुसते हाल झाले असते.

फोन ठेवल्यावर थोरली म्हणाली, "बघ."

तो एकच शब्द ऐकून धाकटीला कळलं की ताईने मनात दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्याने शिवून टाकल्यात. ती म्हणाली, "हा शेटजींचा फोटो आहे. तुझा अजून यायचाय. तिच्या फोटोवर स्वतःचा निकाल लावू नकोस. आणि तिला आपण विचारू शकत नाही, तुला विचारतेय. तुला जगायचंय का?"

थोरली हो म्हणाली, इतकं हळू की धाकटीने परत विचारलं. दुसऱ्यांदा ती जरा चिडूनच हो म्हणाली.

त्या रात्री शेटजींचं ठरलं. कापायचं नाही. दुखणं कमी करायचं औषध द्यायचं, आणि खायचं थांबेल त्या दिवशी शांतपणे झोपवायचं. औषध गोडसर होतं. पिचकारी दिसली की शेटजी धावत यायच्या, आणि थोरलीला त्याचंही नवल वाटायचं, की मरणाचं औषध इतक्या आवडीने कसं कुणी घेतं. मरणाचं नाही, दुखण्याचं, असं धाकटी दर वेळी दुरुस्त करायची.

थोरलीचा निकाल आला. गाठ वाईटच होती. काखेतही पोचली होती, पण त्यापुढे नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने काढले असते तर बोलायला काही उरलं नसतं. सही करायची वेळ आली तेव्हा नर्सने कागद सवयीने धाकटीपुढे धरला. थोरलीने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःचं नाव लिहिलं.

ती टेबलावरून उठली. शुद्धीवर आल्यावर आपण जिवंत आहोत याचाच तिला धक्का बसला. कितीतरी वेळ ती छताकडे बघत पडली होती. मग तिने पहिलं काय विचारलं असेल, तर शेटजींनी खाल्लं का?

शेटजींनी पुढचा उन्हाळा गाठला. तोवर थोरलीचे केस गळाले होते आणि धाकटीने शिवलेल्या मऊ टोपीत ती दिवसभर पायरीवर बसायची, शेटजी मांडीवर. दोघींचाही जीव कधी वर, कधी खाली. एका सकाळी थोरलीने कोथिंबीर पुढे केली आणि शेटजींनी तोंड फिरवलं. गाजर नको, पिचकारी नको. थोरलीने दुपारपर्यंतही वाट पाहिली नाही. तीच म्हणाली, चल.

डॉक्टरने सांगितलं की बाहेर थांबलात तरी चालेल. थोरली थांबली नाही. तिने शेटजींना दोन्ही हातांत धरलं, वाकून पडलेल्या कानाशी काहीतरी सांगितलं. शेजारी उभं राहूनही धाकटीला ते ऐकू आलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. सगळं इतक्या लवकर झालं की थोरली नंतरही थोपटत राहिली. डॉक्टरने हळूच तिच्या मनगटावर हात ठेवला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

थोरली आज आहे. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे, याचाही दोघींना धक्काच. दर सहा महिन्यांनी तपासायला जातात. आणि आता ती सगळं सांगते. गुडघा दुखला, सांगते. घशात खवखवलं, सांगते. रात्री तीनदा उठले, पायाला मुंग्या आल्या, ढेकर आली ती करपट होती, सगळं. नोकरीभर गिळलेलं सगळं बाहेर काढायला बसल्यासारखी जिन्याच्या पायरीवरून बोलत असते, आणि धाकटी मशीन चालवत हूं हूं करते. गिऱ्हाइकांकडे तक्रारही करते की ताईने कान किटवले. पण मधेच थोरली गप्प झाली की धाकटीचा पाय पायट्यावरून उचलला जातो, आणि ती मान वळवून विचारते, काय गं, काय झालं?